लिहून देणार कोण?

आमच्या घरी एक पत्र्याची पेटी आहे. तिच्यात आजाचा पटका, बाबासाहेबांचा एक जुना फोटो आणि स्टँपाचा एक कागद. कागद १९६४ सालचा. खरेदीखत. घड्यांवर फाटत चाललेलं. खाली आजाचा डावा अंगठा. शाई पसरून नुसता काळा डाग राहिलाय.

कागदाच्या सुरुवातीला दोन माणसं आहेत. एक ‘लिहून घेणार’ आणि एक ‘लिहून देणार’. जमीन विकत घेतो तो लिहून घेणार. विकतो तो लिहून देणार. म्हणजे आमचा आजा लिहून देणार.

आजाला अक्षर येत नव्हतं.

मी इचलकरंजीला सूतगिरणीत, रिंग खात्यात आहे. शाळा दहावीला सुटली. कायदा मला कुणी शिकवला नाही. रात्रपाळी सुटल्यावर खोलीवर येऊन हा कागद मी पुन्हा पुन्हा वाचला, मग त्याच्यामागचे कायदे वाचले. डोक्यात एकच प्रश्न होता. ज्याला लिहिता येत नव्हतं, तो लिहून देणार कसा? मग लिहिलं कुणी? कुणाच्या सांगण्यावरून? कुणाच्या पैशानं?

दोस्तांनो, आपण चळवळीतली पोरं. मोर्चाला जातो, पोस्टर लावतो, कविता म्हणतो. घटनेची उद्देशिका आपल्याला तोंडपाठ आहे. पण आपल्यातल्या किती जणांनी एक खरेदीखत पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत वाचलंय? मी स्वतः चोविसाव्या वर्षापर्यंत वाचलं नव्हतं. म्हणून हे लिहितोय.

१

गावात कागद येण्याआधी माणसंच कागद होती. गावाची शीव कुठून निघते, कोणत्या दगडाशी वळते, हे महाराला ठाऊक. शिवेचा तंटा पडला की महाराला पुढं घालून शीव चालायची आणि त्याचा शब्द धरायचा, ही जुनी रीत. खरेदीखतात आज ‘चतुःसीमा’ लिहितात. पूर्वेस अमक्याचं रान, पश्चिमेस ओढा, दक्षिणेस गाडीवाट. हे सगळं ज्ञान आमच्या पायांत होतं. लेखणी मात्र कुळकर्ण्याच्या हातात होती. ज्ञान माणसाबरोबर मसणात जातं. नोंद मागं राहते. ज्याची नोंद, त्याची जमीन.

इंग्रज आला, कोर्ट आलं, आणि कागदाची धार आणखी वाढली. १८५९ च्या मुदतीच्या कायद्यानं कर्जाच्या दाव्याला मुदत घातली. हेतू असा की सावकारानं जुनं कर्ज उगाच उकरून काढू नये. झालं उलटंच. मुदत संपत आली की सावकार कुणब्याला बोलावून नवा रोखा करून घ्यायचा. व्याज मुद्दलात. नव्या मुद्दलावर नवं व्याज. अंगठा जुनाच.

१२ मे १८७५. पुणे जिल्ह्यातलं सुपे गाव. बाजाराचा दिवस. कुणबी सावकारांच्या दुकानांवर चालून गेले. पुणे आणि नगर जिल्ह्यांतल्या कितीतरी गावांत हे लोण गेलं. पुस्तकांत त्याला दख्खनचे दंगे म्हणतात. दंगेखोरांना काय पाहिजे होतं? सोनं नव्हे. रोखे, गहाणखतं, कोर्टाचे हुकूमनामे. कागद बाहेर काढायला लावले आणि चव्हाट्यावर जाळले. माणसांना इजा फारशी झाली नाही. त्या अडाणी लोकांना बरोबर कळलं होतं की आपली मान कुठं अडकलीय.

सरकारनं चौकशी कमिशन नेमलं आणि १८७९ मध्ये दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कायदा केला. पुणे, सातारा, सोलापूर, नगर हे चार जिल्हे त्यात होते. माझं गाव तेव्हाच्या सातारा जिल्ह्यातलं, म्हणून हा कायदा मी नीट बघितला. त्यातलं एक कलम आज कुणाच्या ध्यानात नाही. शेतकऱ्यानं करून द्यायचा दस्त गावच्या रजिस्ट्रारसमोर झाला पाहिजे. तो दस्त रजिस्ट्रारनं स्वतः लिहायचा, नाहीतर आपल्या देखरेखीखाली लिहून घ्यायचा. मोठ्यानं वाचून दाखवायचा. आणि मगच सही किंवा अंगठा.

म्हणजे सरकारनं काय कबूल केलं? ज्याला वाचता येत नाही त्याचा नुसता अंगठा म्हणजे संमती नव्हे. त्याच्या शेजारी, समोरच्याचा नसलेला, एक लिहिणारा उभा पाहिजे. इंग्रजाला हे कळायला दंगा व्हावा लागला.

पण सरकार लिहिणारा आणणार कुठून? लिहिणं ज्या जातींच्या घरात होतं, तिथूनच. चार वर्षांनी, १८८३ मध्ये, जोतीराव फुल्यांनी ‘शेतकऱ्याचा असूड’ लिहिला. त्यात कचेरीतली लेखणी शेतकऱ्याला कशी नागवते हे त्यांनी तपशिलानं मांडलंय. आणि ज्या शेतकऱ्याची ही गत, त्याच्याही खाली गावकुसाबाहेर आम्ही होतो.

२

आता कायद्याच्या पोटात शिरू. घाबरायचं नाही. मी यंत्रावर काम करणारा माणूस, मला समजलं तर तुम्हालाही समजेल.

जमिनीची विक्री कशी होते हे मालमत्ता हस्तांतरण कायद्यात सांगितलंय. कायदा १८८२ चा, आपल्या मुंबई इलाख्यात १ जानेवारी १८९३ पासून लागू. शंभर रुपये आणि त्यावरच्या किमतीची स्थावर मिळकत नोंदणी केलेल्या दस्ताशिवाय विकली जात नाही. ह्याच कायद्याचं ५५ वं कलम म्हणजे घेणारा आणि विकणारा यांच्यातली वाटणी. कुणी काय करायचं त्याची यादी.

त्यात एक ओळ आहे, तिच्यावर मी थांबलो. घेणाऱ्यानं किंमत पुढं केली आणि योग्य दस्त सहीसाठी पुढं केला, की विकणाऱ्यानं सही करून द्यायची. नीट बघा. दस्त पुढं करणारा कोण? घेणारा. कायद्यानंच धरून चाललंय की मसुदा घेणाऱ्याकडून येणार. वर मुद्रांक कायद्यात वेगळं ठरलं नसेल तर खरेदीखताचं मुद्रांक शुल्क घेणाऱ्यानं भरायचं. स्टँप त्याचा, लिहिणाऱ्याची मजुरी त्याची, म्हणून लिहिणाराही त्याचा. यात बेकायदा काही नाही. सरळ रीत आहे. आणि ज्याची मजुरी, त्याच्या बाजूनं लेखणी कलते, हेही सरळ आहे.

मग विकणाऱ्यानं करायचं काय? त्यानं आपला माणूस न्यायचा. बस्स. इंग्लंडात या कामाचा वेगळा धंदाच आहे, कन्व्हेयन्सर म्हणतात. पूर्वी तिथं हे काम सॉलिसिटरांच्या मुठीत होतं. १९८५ च्या कायद्यानं परवाना घेतलेल्या कन्व्हेयन्सरांनाही ते मोकळं झालं. घर विकणाऱ्याचा एक, घेणाऱ्याचा एक. मुंबईतले पैसेवाले हेच करतात. बंगला विकताना शेटजीचा सॉलिसिटर वेगळा आणि घेणाऱ्याचा वेगळा. दोघं महिना महिना एका शब्दावर भांडतात. शेटजी वाचता येत असूनही दुसऱ्याच्या माणसानं लिहिलेल्या कागदावर सही करत नाही. आणि आमचा आजा वाचता येत नसताना करून बसला.

‘पण सरकारी कचेरीत नोंद झाली म्हणजे सरकारनं बघितलंच असेल ना?’ असं आमचा बा म्हणायचा. गावातले निम्मे लोक असंच समजतात. १९०८ च्या नोंदणी कायद्यात दुय्यम निबंधकाचं मुख्य काम एवढंच की समोरचा माणूस तोच आहे का, आणि दस्त करून दिल्याचं तो कबूल करतो का हे बघायचं. जमीन खरंच त्याची आहे का, विकायला मोकळी आहे का, भाव वाजवी आहे का, याचा निवाडा तो करत नाही. ‘करून दिलं का?’ ‘होय.’ शिक्का. त्या एका ‘होय’वर तुमचं जन्माचं रान जातं.

३

आमच्या जमिनीची गोष्ट आणखी वेगळी, कारण ती वतनाची. १८७४ च्या वतन कायद्यानं वतनाची जमीन वतनाबाहेरच्या माणसाला सरकारच्या मंजुरीशिवाय गहाण टाकायला किंवा विकायला बंदी केली. त्या जमिनीच्या बदल्यात रात्रंदिवस सरकारची आणि गावाची चाकरी. टपाल पोचव, अंमलदाराच्या घोड्यापुढं पळ, मेलेलं ढोर ओढ. जमीन आमच्या नावावर होती आणि आम्ही गावाच्या नावावर होतो.

कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी ही गाठ ओळखली. १९१८ मध्ये त्यांनी आपल्या संस्थानात महार वतन मोडून जमिनी महारांच्या नावे रयताव्यानं केल्या. त्याच वर्षी कुळकर्णी वतन मोडून पगारी तलाठी नेमले. या दोन गोष्टी एका वर्षी झाल्या यात मला फार अर्थ दिसतो. एका हातानं जमीन मोकळी केली, दुसऱ्या हातानं त्या जमिनीची नोंद लिहिणारी लेखणी एका घराण्यातून बाहेर काढली. पुढं त्यांनी अस्पृश्यांतल्या तरुणांना वकिलीच्या सनदा दिल्या. वरच्यांनी नाकं मुरडली, ‘ह्यांना काय कायदा कळणार’ म्हणून. महाराजांचा हिशोब सरळ होता. रान दिलं आणि रानाचा कागद वाचणारा दिला नाही, तर रान राहत नाही.

इंग्रजी मुलखात बाबासाहेबांनी १९ मार्च १९२८ रोजी मुंबई विधिमंडळात वतन कायद्याच्या दुरुस्तीचं बिल आणलं. ज्याला वतनाच्या चाकरीतून सुटायचं त्याला सुटू द्या, पूर्ण सारा घ्या आणि जमीन त्याच्याकडे राहू द्या, हा त्याचा गाभा. ते बिल पार पडलं नाही. पण आपण ध्यानात काय घ्यायचं? वतनाला शिव्या देऊन ते थांबले नाहीत. १८७४ चा कायदा कलमाकलमानं वाचला आणि त्याच्या जागी काय पाहिजे ते स्वतः लिहून सभागृहात ठेवलं. महार माणूस तिथं खरोखर ‘लिहून देणार’ झाला होता.

शेवटी कनिष्ठ गावकामगारांची वतनं रद्द करणारा १९५८ चा कायदा आला. चाकरी संपली. जमीन वतनदाराला परत मिळणार, पण आकाराच्या तिप्पट रक्कम भरून. आणि नव्या अविभाज्य शर्तीवर. म्हणजे जिल्हाधिकाऱ्याच्या पूर्वपरवानगीशिवाय आणि नजराणा भरल्याशिवाय विकायची नाही, वाटून घ्यायची नाही. सातबारावर तीच आज ‘भोगवटादार वर्ग २’ म्हणून दिसते. हे कुंपण आमच्या रक्षणासाठी घातलं म्हणतात. ते खरंही आहे. पण कुंपणाची किल्ली कचेरीत, आणि कचेरीचा रस्ता ज्याला ठाऊक त्याच्यासाठी कुंपणात भोक.

आजाची गोष्ट इथं सुरू होते. तिप्पट आकार म्हणजे मोठी रक्कम नव्हती. पण ज्याच्याकडे काहीच नाही त्याला तीही मोठी. गावातल्या एका बागायतदारानं भरली. १९६४ मध्ये म्हणाला, ‘पैसे दिल्याचा कागद करू, चल तालुक्याला.’ एसटीचं तिकीट त्यानंच काढलं. चहा-भजी त्यानंच दिली. कचेरीबाहेर एका दस्तलेखकानं कागद आधीच लिहून ठेवला होता. आजानं अंगठा दिला. कर्जाचा कागद समजून खरेदीखतावर दिला. दोन एकर चार गुंठे.

त्या कागदाची भाषा ऐका. ‘राजीखुशीने व अक्कलहुशारीने लिहून देतो.’ ‘किमतीची संपूर्ण रक्कम रोख भरून पावलो, भरण्याबद्दल तक्रार नाही.’ किंमत लिहिली सातशे. आजाच्या हातात पडले दोनशे, असं तो मरेपर्यंत सांगायचा. ‘कोणी हरकत घेतल्यास निवारण लिहून देणार स्वखर्चाने करून देतील, लिहून घेणार यांस तोशीस लागू देणार नाहीत.’ नव्या शर्तीचा, परवानगीचा एक शब्द नाही. आणि जमीन दिली ती ‘जल, तरू, तृण, काष्ठ, पाषाण, निधी, निक्षेपासह’. हे जुन्या कागदांतलं ठरलेलं पालुपद आहे, मला माहीत आहे. पण ‘जल’ या शब्दाशी मी दर वेळी अडखळतो. रानाच्या बांधावर गावाची विहीर होती. तिला आजाचा हात लागलेला चालत नव्हता. ते पाणी आजानं कागदावर विकलं.

परवानगी नव्हती म्हणून तलाठ्यानं फेरफार धरला नाही. सातबारावर नाव आमचं, कुळव त्यांचा. साठ वर्षं झाली. आम्ही बोललो की ते म्हणतात, कोर्टात जा. आणि कोर्टात गेलं की शर्तभंगाचा विषय निघणार. शर्तभंगात जमीन सरकारजमा होऊ शकते. अशी ही कात्री. एका दुपारच्या चहा-भज्यांची.

४

हे झालं इतिहासाचं. पण हा इतिहास अजून कचेरीबाहेरच्या टेबलावर बसलाय. नोव्हेंबर २०२५ मध्ये पुण्यातल्या मुंढव्याच्या महार वतनाच्या सुमारे ४० एकर जमिनीच्या व्यवहारानं वर्तमानपत्रं भरून गेली. चौकशा बसल्या. त्या बातम्यांत कोट्यवधींचे आकडे होते, मोठी नावं होती. मी त्यांत एकच शब्द शोधत होतो, आणि तो सापडला. कुलमुखत्यारपत्र.

कारण तोच कागद आमच्या घरीही आला होता. आमचे रस्त्याकडेचे अडतीस गुंठे उरलेत. रस्ता रुंद झाला आणि प्लॉट पाडणारा एक जण दारात आला. चांगला बोलला. जयभीम घातला. म्हणाला, ‘तुम्ही कशाला धावपळ करता? कागदपत्रांचं आमचा माणूस बघेल. तुम्हाला एक रुपया खर्च नाही.’ तीन मसुदे ठेवून गेला. साठेखत, कुलमुखत्यारपत्र, ताबापावती.

चुलता तयार होता. त्याची पोरगी नर्सिंगला आहे, फी भरायची आहे. त्याला मी दोष देत नाही. गरज माणसाला वाचू देत नाही.

मी कागद घेऊन तालुक्याला गेलो. तिथं आपल्याच वस्तीतली एक ताई वकिली करते. कोर्टाच्या आवारात झाडाखाली टेबल. तिनं कागद हातात घेण्याआधी विचारलं, ‘फी कोण देणार? ते का तुम्ही?’ मी म्हटलं, मी. ती म्हणाली, ‘मग मी तुमची.’ माझी आठ दिवसांची मजुरी गेली. पण बाई तीन तास कागदावर बसली आणि लाल पेन्सिलीनं पाच खुणा केल्या.

पहिली खूण. परवानगी आणणं, नजराणा भरणं, सगळी जबाबदारी लिहून देणार यांची. परवानगी नाही मिळाली तर घेतलेला इसार दुप्पट परत. म्हणजे सरकारनं नाही म्हटलं तर दंड आम्हाला.

दुसरी. ‘संपूर्ण रक्कम भरून पावलो.’ आणि खाली चेकच्या तारखा आठ महिने पुढच्या. ताई म्हणाली, पूर्ण किंमत मिळायच्या आत मालकी गेली तर राहिलेल्या पैशाचा बोजा त्या जमिनीवर ठेवायचा हक्क विकणाऱ्याला कायद्यानं दिलाय. तेच ५५ वं कलम. पण ‘भरून पावलो’ लिहून दिलंत की पैसे मिळाले नाहीत हे शाबीत करायचं ओझं तुमच्या डोक्यावर. मला आजाचे पाचशे रुपये आठवले.

तिसरी. कुलमुखत्यारपत्र. कुणालाही, कोणत्याही भावानं विकायचा, पैसे घ्यायचा, आमच्या वतीनं सही करायचा अधिकार. रद्द करता न येणारा. सुप्रीम कोर्टानं २०११ मध्ये साफ सांगितलंय की मुखत्यारपत्र आणि साठेखत करून मालकी जात नाही, मालकी नोंदणी केलेल्या खरेदीखतानंच जाते. पण हातात असला कागद असला की तुमच्या नावानं खरेदीखत करायला तुमची गरजच उरत नाही.

चौथी. ताबापावती. आजच ताबा दिला. पैसे आठ महिन्यांनी, परवानगी देव जाणे कधी, ताबा आज. साठ वर्षांपूर्वीचा कुळव पुन्हा रानात.

पाचवी खूण सांगायच्या आधी तिनं चष्मा काढला. ‘सर्व वारस आम्हीच, दुसरे कोणी नाही, असं लिहिलंय. तुम्हाला आत्या किती?’

दोन.

‘मग हे खोटं आहे. आणि खोटं कुणी लिहून दिलं? तुम्ही.’

तिनं मग विकणाऱ्याच्या माणसाचं काम काय ते सांगितलं. आधी सातबारा, आठ अ, जुने फेरफार काढायचे, मागच्या तीस वर्षांचा शोध घ्यायचा, म्हणजे आपल्याच जमिनीवर कुठला बोजा, कुठला वाद लपलाय ते आपल्याला आधी कळतं. वारसांची नावं लावून घ्यायची. परवानगीचा अर्ज आधी, सौदा नंतर. साठेखतात परवानगी नाकारली तर इसार जसाच्या तसा परत, दंड नाही, असं लिहायचं. ताबा शेवटच्या रुपयानंतर. पैसे खात्यात जमा झाल्याचं बघूनच निबंधकापुढं ‘होय’ म्हणायचं. आणि नोंदणी झालेल्या दस्ताची नक्कल आपल्या पेटीत. यात गुपित कुठलंच नाही. फक्त आपल्या बाजूचं कुणीतरी हे करणारं पाहिजे.

५

पाचव्या खुणेबद्दल मला जे सांगायचंय ते सांगायला लाज वाटते. पण नाही सांगितलं तर वरचं सगळं लिहिणं खोटं.

ताईकडे जायच्या पंधरा दिवस आधी आम्ही एक कागद केला होता. हक्कसोडपत्र. मसुदा चुलत्यानं आणला. दोन्ही आत्यांनी आपला वाटा भावांच्या हक्कात सोडला, अशा मजकुराचा. १९५६ चा वारसा कायदा नावानं हिंदू असला तरी आपल्या बौद्धांनाही लागतो. आणि त्यात मुलीला वाटा आहे. पोरीच्या वाट्यासाठी बाबासाहेब हिंदू कोड बिल घेऊन भांडले आणि १९५१ मध्ये मंत्रीपद सोडून बाहेर पडले. हे मी जयंतीच्या भाषणात दोन वेळा बोललोय.

थोरल्या आत्याकडे तो कागद मीच घेऊन गेलो. ती चुलीपुढं बसली होती. म्हणाली, ‘काय लिव्हलंय रं त्यात?’

मी म्हटलं, ‘काय नाय गं आत्ती, नुसती सही पायजे.’

तिनं अंगठा उचलला. माझ्या तोंडाकडे बघत शाईत बुडवला. मी कागद पुढं सरकवला.

दोस्तांनो, १९६४ मध्ये आजाला तालुक्याला नेणारा माणूस नेमका हेच बोलला असणार. ‘काय नाय रं, नुसता अंगठा पायजे.’ त्याच्या जागी मी होतो. लिहून घेणार आम्ही, आणि लिहून देणार आमची आत्या. बामणाची लेखणी, सावकाराची लेखणी म्हणून मी कविता केल्यात. माझ्या हातातल्या लेखणीवर एकही नाही.

कागदाची नोंदणी व्हायची होती, म्हणून वाचलो. ताईकडून परत आलो त्या रात्री पाळीला गेलो नाही. आत्याकडे गेलो आणि तो कागद तिला पहिल्या ओळीपासून वाचून दाखवला. ‘राजीखुशीने’ आलं तेव्हा ती हसली. संपल्यावर बराच वेळ गप्प बसली. मग म्हणाली, ‘फाड त्यो. माझा वाटा लिव्हा. मग द्यायचा का ठेवायचा त्ये मी सांगीन.’

फाडला. आता चारही वारसांची नावं लावायचा अर्ज तलाठ्याकडे आहे. जमीन विकलेली नाही. विकूच नये असं माझं म्हणणं नाही. गरज आहे, पोरगी शिकतेय, आणि आपली जमीन विकायचा हक्क हाही हक्कच. चुलता माझ्याशी बोलत नाही. तो प्लॉटवाला पुन्हा आला नाही. गिऱ्हाईक गेलं, हे चुलत्याचं म्हणणं खरं आहे. त्याची किंमत माझ्या चुलत बहिणीनं भरायची का, याचं उत्तर माझ्याकडे नाही. तिची या वर्षीची फी मी गिरणीच्या पतपेढीतून काढून भरली. पुढच्या वर्षीचं बघायचंय.

६

१८७५ साली सुप्याच्या लोकांनी कागद जाळले. त्यांचं मला पटतं. पण जाळून त्यांची जमीन परत आली नाही. आपल्या बाजूचा लिहिणारा मिळवणं हे त्या दंग्याचं राहिलेलं काम आहे.

म्हणून माझं म्हणणं थोडक्यात. वस्तीतलं कुणीही जमीन, घर, गाळा विकायला निघालं, तर ‘एक रुपया खर्च नाही’ हे वाक्य ऐकताच सावध करा. तो रुपया आपणच खर्च करायचा असतो. एकट्याला झेपत नसेल तर मंडळाच्या वर्गणीतून करा. जयंतीच्या डीजेचा एका रात्रीचा खर्च काढला तर तालुक्यातल्या पाच घरांचे कागद वकिलाकडून तपासून होतात. आपल्या पोरापोरींतल्या कुणी वकिली शिकलं असेल तर त्यांच्याकडे जा आणि फुकट मागू नका, त्यांनाही पोट आहे. आणि कुणी दहावी-बारावी होऊन बसलं असेल, तर कचेरीबाहेर दस्तलेखकाचं काम शिका. त्या टेबलांवर आपली माणसं अजून किती दिसतात ते एकदा जाऊन मोजा.

आणि बाईचा अंगठा घ्यायचा असेल तर आधी कागद मोठ्यानं वाचा. घरातली बाई असेल तर दोनदा वाचा.

पुढच्या रविवारी अभ्यासवर्ग आहे. या वेळी पुस्तक आणू नका. घरातली पेटी उघडा, जो सापडेल तो दस्त घेऊन या. मी १९६४ चा आणतो. सगळे मिळून पहिल्या ओळीपासून वाचू.